उद्यानं उरकायची नसतात

अमेरिकेतल्या मराठी घरांत मार्च-एप्रिल उजाडला की एक विषय हमखास निघतो. भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे यायचे असतात, मुलांच्या शाळांना जूनमध्ये सुट्टी लागणार असते, आणि मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत कुणीतरी विचारतं, ‘यलोस्टोन झालं का? ग्रँड कॅनियन?’ मग सल्ला सुरू होतो, आणि तो गेली कित्येक वर्षं अक्षरशः तोच आहे. पाहण्यासारखी राष्ट्रीय उद्यानं चार-पाचच. यलोस्टोन, ग्रँड कॅनियन, योसेमिटी, झायन, फार तर ग्लेशियर. बाकीची सगळी नुसती झाडं आणि दगड. एका फेरीत जोडून जितकी होतील तितकी करा, एवढ्या लांब पुन्हा कोण येणार? म्हाताऱ्या माणसांना चालवत नाही, त्यांना गाडीतूनच दाखवा. आणि घराजवळच्या उद्यानासाठी सुट्टी कशाला घालवायची, तिथे काय कधीही जाता येतं.

या सल्ल्यातलं एकही वाक्य मला मान्य नाही. तो देणारी माणसं आपली असतात, आपुलकीने सांगतात. पण त्या सल्ल्यापायी सत्तरी ओलांडलेली माणसं दिवस-दिवस गाडीच्या मागच्या सीटवर अवघडून बसलेली मी पाहिली आहेत. पृथ्वीवर दुसरीकडे कुठे नाहीत अशा जागी पोचलेल्या कुटुंबांचा निम्मा दिवस पार्किंग शोधण्यात गेलेला पाहिला आहे. म्हणून हे उत्तर.

पहिला मुद्दा प्रसिद्धीचा. जे उत्तम असतं तेच प्रसिद्ध होतं, असं या सल्ल्यात गृहीत धरलेलं आहे. ग्रँड कॅनियनचंच उदाहरण घेऊ. कोलोरॅडो नदीने कोरलेली ही दरी २७७ मैल लांब, काही ठिकाणी १८ मैल रुंद आणि साधारण एक मैल खोल आहे. एवढ्या अफाट दरीला येणाऱ्या दहांपैकी नऊ माणसं दक्षिण काठावरच का जातात? उत्तर काठ कमी सुंदर आहे म्हणून? तो तर हजार फुटांनी अधिक उंच आहे, थंड आहे, स्प्रूस आणि अ‍ॅस्पेनच्या दाट जंगलाने वेढलेला आहे. खरं कारण वेगळं आहे. १९०१ साली सांता फे रेल्वेच्या मार्गाचा फाटा दक्षिण काठापर्यंत पोचला आणि १९०५ साली अगदी कड्याशी एल तोवार हॉटेल उभं राहिलं. उत्तर काठाला आगगाडी कधी पोचलीच नाही. दोन काठांमध्ये सरळ रेषेत दहा मैलांचं अंतर आहे, पण मोटारीने जायचं तर दोनशेहून अधिक मैलांचा वळसा पडतो. सव्वाशे वर्षांपूर्वी एका रेल्वे कंपनीने रूळ कुठे टाकले, त्यावर आज आपण कुठे उभं राहायचं ते ठरतं आहे.

हे एकट्या ग्रँड कॅनियनचं नाही. १८७२ साली यलोस्टोन जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, त्या प्रयत्नांमागे नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचं पाठबळ होतं. १९१० साली ग्लेशियर झालं आणि ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने तिथे हॉटेलं बांधून देशभर जाहिराती केल्या. ही उद्यानं अद्भुत नाहीत असं कोण म्हणेल? पण ज्यांच्या वाट्याला रेल्वे आणि जाहिरात आली नाही ती कमी प्रतीची, हा निष्कर्ष कुठून आला? शिवाय लोकप्रियता हाच निकष लावायचा तर सर्वाधिक गर्दीचं उद्यान टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवरचं ग्रेट स्मोकी माउंटन्स आहे. तिथे वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास भेटी होतात, ग्रँड कॅनियनच्या दुपटीहून जास्त. आपल्या लोकांच्या चार-पाचांत ते कधीच नसतं. म्हणजे हा सल्ला स्वतःचाच निकष पाळत नाही.

लास व्हेगसहून एका दिवसात ‘ग्रँड कॅनियन करून’ येणाऱ्यांचा प्रकार तर मला जिव्हारी लागतो. त्यांतल्या अनेकांना नेलं जातं ते पश्चिमेकडच्या काचेच्या स्कायवॉकवर. २००७ साली सुरू झालेला हा स्कायवॉक राष्ट्रीय उद्यानात नाही. तो हुआलापाई लोकांच्या जमिनीवर आहे आणि त्याचं तिकीट वेगळं असतं, उद्यानाचा पास तिथे चालत नाही. हुआलापाईंनी आपल्या जमिनीवर उत्पन्नाचं साधन उभं केलं, त्यात काहीही गैर नाही. पण पुण्याहून किंवा नाशिकहून आलेल्या माणसाला आपण नेमके कुठे उभे आहोत हे कुणी सांगत नाही, आणि तो आयुष्यभर आपण ग्रँड कॅनियन नॅशनल पार्क पाहिलं असं समजून राहतो. व्हेगसपासून ती जागा जवळ पडते आणि दक्षिण काठाला साडेचार तास लागतात, एवढंच त्या निवडीमागचं कारण. ही फसगत आहे, आणि घाईमुळे आपण ती आपल्याच माणसांची करतो.

खऱ्या काठावर पोचलेले तरी काय पाहतात? समोर दरीत जे सुळके दिसतात त्यांतल्या एकाचं नाव विष्णू टेंपल आहे, एकाचं शिवा टेंपल. एकोणिसाव्या शतकात क्लॅरन्स डटन या भूवैज्ञानिकाने ती नावं दिली. तळाशी नदीलगत जो काळपट खडक दिसतो त्याला विष्णू शिस्ट म्हणतात. त्याचं वय सुमारे १७० कोटी वर्षं. काठावरच यावापाई इथल्या भूशास्त्र संग्रहालयापासून एक सपाट, फरसबंद वाट निघते. तिच्यावर एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं असं माप आखलेलं आहे, आणि दरीतल्या त्या-त्या काळाच्या खडकांचे तुकडे वाटेलगत मांडलेले आहेत, हात लावून पाहता येतात. सत्तरीतल्या माणसाला काठी घेऊन ती वाट चालता येते. चालता चालता नातवंडांना पृथ्वीचं वय समजावता येतं. यासाठी अर्धा दिवस लागतो, आणि कार्यक्रमात ग्रँड कॅनियनच्या वाट्याला बहुधा दीड तास ठेवलेला असतो.

इथेच ‘एका फेरीत जोडून जितकी होतील तितकी’ या मुद्द्याकडे येतो. युटामधल्या झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ, आर्चेस आणि कॅनियनलँड्स या पाच उद्यानांची एकत्र सहल आता जणू विधीच झाली आहे. ही पाचांची मोळी निसर्गाने बांधलेली नाही. २०१३ साली युटाच्या पर्यटन विभागाने ‘मायटी फाइव्ह’ अशी जाहिरात मोहीम काढली, तिथून ती आली. मोहीम इतकी यशस्वी झाली की २०२१ साली आर्चेसचं फाटक गर्दीपायी कित्येकदा सकाळीच बंद करावं लागत होतं आणि २०२२ मध्ये वेळेचं आरक्षण आणावं लागलं. जाहिरातवाल्यांनी आपलं काम केलं. आपण ती जाहिरात आपला अनुभव म्हणून दुसऱ्याला का सांगतो?

कॅनियनलँड्स तर एका दिवसात पाहताच येत नाही. नद्यांनी त्याचे तीन भाग केले आहेत आणि उद्यानाच्या आतून ते जोडणारा एकही रस्ता नाही. पाच दिवसांत पाच उद्यानं करणारे एका भागाच्या दोन व्ह्यूपॉइंटवर फोटो काढून पुढे निघतात. कॅपिटल रीफमध्ये मॉर्मन वसाहतकऱ्यांनी लावलेल्या फळबागा आजही उद्यान खातं सांभाळतं; हंगामात चेरी, जर्दाळू, पीच, सफरचंद झाडाखाली उभं राहून मनसोक्त खाता येतात. तांबड्या कड्यांच्या कुशीतली ही बाग आई-बाबांना किती आवडेल! पण पाचांच्या सहलीत कॅपिटल रीफ हे दोन मोठ्या नावांमधलं जेवणाचं ठिकाण होऊन बसतं.

‘पुन्हा कोण येणार’ हा प्रश्न खरा आहे. विमानाचं भाडं, रजा, वय, सगळं खरं आहे. पण तो माझ्या बाजूचा पुरावा आहे. पुन्हा येणं होणार नसेल तर जी एक जागा पाहायची ती नीट पाहायला नको का? यलोस्टोनमध्ये दहा हजारांहून अधिक उष्ण झरे, फवारे, चिखलाची उकळती कुंडं आहेत. जगातल्या गरम पाण्याच्या फवाऱ्यांपैकी सुमारे निम्मे तिथे आहेत. आतला मुख्य वळणरस्ताच १४२ मैलांचा आहे. १९२० च्या दशकात तिथले लांडगे मारून संपवले होते. १९९५ साली कॅनडातून आणून ते पुन्हा सोडले, आणि आज लामार खोऱ्यात ते दिसतात. पण दिसतात ते पहाटे आणि सांजेला. दुपारी दोनला ओल्ड फेथफुलचा फवारा पाहून चारला ग्रँड टीटनकडे निघालेल्या कुटुंबाला लांडगा कसा दिसावा? त्या फवाऱ्याचीही वेळ साधारण दीड तासाने येते आणि आधी लिहून लावलेली असते. मधल्या वेळात शेजारच्या लाकडी वाटांवरून चालत गेलं तर डझनभर वेगळे झरे दिसतात. लोक तो वेळ दुकानात काढतात.

आता महिना. या सल्ल्यात महिन्याचा उल्लेखच नसतो, आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप तो आहे. मे महिन्यात कासच्या पठारावर फुलं पाहायला कुणी मराठी माणूस जात नाही. मग ऑगस्टअखेर योसेमिटीचा धबधबा पाहायला का जातो? २,४२५ फूट उंचीचा तो धबधबा वितळत्या बर्फावर जगतो. मे महिन्यात त्याचा आवाज खोरंभर घुमतो, उन्हाळा सरताना तिथे बहुतेक वर्षी कोरडा कडा उरतो. त्याच उद्यानातला उंचावरचा टायोगा रस्ता नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत किंवा जूनमध्येही बर्फामुळे बंद असतो. ग्लेशियरचा गोइंग-टू-द-सन रस्ता पूर्ण उघडायला अनेकदा जूनचा शेवट किंवा जुलै उजाडतो. यलोस्टोनचे बहुतेक रस्ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत मोटारींना बंद असतात. आणि डेथ व्हॅली! १० जुलै १९१३ रोजी तिथे ५६.७ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं. व्हेगसपासून दोनच तास म्हणून जुलैत तिथे म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन जाणारे लोक आहेत. फेब्रुवारीत ती दरी किती सुखाची असते!

वयस्कर माणसांना गाडीतूनच दाखवा, हा सल्ला काळजीतून येतो, पण त्यात खरी काळजी नाही. गाडीत बसवून रॉकी माउंटनच्या ट्रेल रिज रस्त्याने १२,१८३ फुटांवर नेलेल्या माणसाला चालावं लागत नाही हे खरं, पण ही उंची कळसूबाईच्या दुपटीहून जास्त आहे, आणि तो माणूस आदल्याच आठवड्यात मुंबईहून, समुद्रसपाटीवरून आलेला असतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला तिथे न्यायच्या आधी दोन दिवस खालच्या गावात मुक्काम करायला हवा, आणि तो कुणी करत नाही. याउलट साउथ कॅरोलायनातल्या कॉंगरीमध्ये पूरमैदानातल्या प्राचीन जंगलातून लाकडी सपाट वाट जाते. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिकमध्ये होह खोऱ्यात शेवाळाने लगडलेल्या मेपलखालून मैलभराहून छोटा फेरा आहे. कॅलिफोर्नियाच्या रेडवुडमध्ये जगातली सर्वांत उंच झाडं सपाट वाटेलगत उभी आहेत. न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबॅड गुहेत लिफ्ट ७५० फूट खाली उतरवते. आपल्या आई-बाबांना चालवत नाही असं आपणच ठरवतो. त्यांना सावकाश चालायचं असतं, मध्ये बाकावर बसायचं असतं, पक्षी कोणता ते विचारायचं असतं. आपल्या वेळापत्रकात त्याला जागा नसते, आणि दोष त्यांच्या गुडघ्यांना देतो.

पैशांचंही सांगतो. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेबाहेरून आलेल्या प्रौढ पर्यटकांना, वार्षिक पास नसेल तर, खूप गर्दीच्या ११ उद्यानांत नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जादा द्यावे लागतात. इथल्या रहिवाशांना ८० डॉलरला मिळणारा वार्षिक पास त्यांना २५० डॉलरला पडतो. आपल्या लाडक्या यादीतली पाचही नावं त्या अकरांत आहेत. बाकीच्या पन्नासेक उद्यानांत हा जादा आकार नाही.

राहिली घराजवळची उद्यानं. शिकागोत मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. तिथून तासाभरावर मिशिगन सरोवराच्या काठी इंडियाना ड्यून्स आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेन्री काउल्स हा वनस्पतिशास्त्रज्ञ तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर हिंडला आणि उघड्या वाळूवर गवत, मग झुडपं, मग ओकचं जंगल या क्रमाने वनस्पती कशा येतात ते त्याने दाखवून दिलं. आधुनिक परिसंस्थाशास्त्राचा एक पाया तिथे घातला गेला. सरोवराकडून आत चालत गेलं की तो क्रम पायाखाली उलगडतो. ही जागा ‘काही नाही, नुसती वाळू आहे’ म्हणून सोडून द्यायची?

बे एरियातून दोन तासांवर पिनॅकल्स आहे. तिथे कॅलिफोर्निया काँडॉर आकाशात घिरट्या घालतात. १९८२ साली जगात हे पक्षी २२ उरले होते. १९८७ पर्यंत रानातले शेवटचे पक्षीही पकडून पिंजऱ्यात पैदास केली, आणि २००३ पासून पिनॅकल्समध्ये त्यांना सोडायला सुरुवात झाली. आज त्यांची एकूण संख्या पाचशेवर आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने आपल्याकडची गिधाडं डोळ्यांदेखत नाहीशी झाली, ते पाहिलेल्या पिढीला हा पक्षी दाखवण्यासारखं दुसरं काय असू शकतं? तरी सनीव्हेलहून निघालेली गाडी पिनॅकल्सकडे न वळता योसेमिटीच्या रांगेत जाऊन उभी राहते. क्लीव्हलंडजवळचं कायाहोगा, वॉशिंग्टन डीसीजवळचं शेनँडोआ, सिएटलहून तीनेक तासांवरचं, तीनशेहून अधिक हिमनद्यांचं नॉर्थ कॅस्केड्स, यांचीही हीच कथा. ‘तिथे कधीही जाता येतं’ म्हणणाऱ्यांना मी विचारतो, मग गेलात का?

६३ राष्ट्रीय उद्यानांपैकी किती झाली, हे मोजणाऱ्या मंडळींनाही एक सांगायचं आहे. राष्ट्रीय उद्यान हा दर्जा काँग्रेस कायद्याने देते आणि त्यात राजकारण असतं. सेंट लुईची पोलादी कमान २०१८ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. न्यू मेक्सिकोतलं व्हाइट सँड्स १९३३ पासून नॅशनल मॉन्युमेंट होतं, २०१९ साली उद्यान झालं. जिप्समची पांढरी वाळू आधीही तीच होती. आणि कॅलिफोर्नियातला डेव्हिल्स पोस्टपाइल, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखे बसाल्टचे खांब जिथे सरळ रांगेत उभे आहेत, तो ६३ च्या यादीत नाही. म्हणून तो पाहायचा नाही? नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यात चारशेहून अधिक जागा आहेत. आकड्यामागे लागलेला माणूस त्यांतल्या बहुतेकांना कायमचा मुकतो.

निवडायचं तर पाहणाऱ्या माणसाकडे बघून निवडावं. सह्याद्रीत वाढलेल्या, घाटातल्या खडकांचे थर ओळखणाऱ्या माणसाला हवाई बेटावर न्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपलं पठार ज्या लाव्हाच्या लोटांनी रचलं गेलं, तसा लाव्हा किलाउएवर आजही वाहताना दिसू शकतो. तेवढं लांब जमत नसेल तर उत्तर कॅलिफोर्नियातलं लासेन आहे, १९१४ ते १९१७ या काळात जागा झालेला ज्वालामुखी, आणि तिथे गर्दीही बेताची. लेण्यांचं वेड असलेल्या माणसासाठी कोलोरॅडोत मेसा व्हर्दे आहे. प्युब्लो लोकांच्या पूर्वजांनी कड्यांच्या कपारीत बांधलेली, आठशे वर्षांपूर्वीची घरं. ज्याला आकाश पाहायचं आहे त्याच्यासाठी नेवाडातलं ग्रेट बेसिन, जिथे हजारो वर्षं वयाचे ब्रिसलकोन पाइन उभे आहेत आणि रात्री आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट दिसते. आणि एखाद्या आजीला लहानपणापासून यलोस्टोनच पाहायचं असेल, तर यलोस्टोनच. फक्त तिला तिथे चार रात्री राहू द्या.

या उन्हाळ्यात तुमच्याकडे पाहुणे येणार असतील तर तिकिटं काढण्याआधी त्यांना विचारा की त्यांना काय पाहायला आवडतं, किती चालवतं, उंचीचा त्रास होतो का. मग महिना बघा. त्या उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर कोणते रस्ते उघडे आहेत ते वाचा. एक उद्यान ठरवा, त्याच्या आत किंवा लगतच्या गावात मुक्काम करा, आणि पहिल्याच सकाळी व्हिजिटर सेंटरमध्ये जाऊन रेंजरला विचारा की या आठवड्यात काय पाहण्यासारखं आहे. आणि पाच दिवसांत चार उद्यानं लिहिलेला कागद कुणी पुढे केला, तर त्यातली तीन नावं खोडा.